ब्युटेनचा हिशेब

स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्यें मुख्यत्वें प्रोपेन व ब्युटेन असतात. आपण ब्युटेन घेऊं. त्याच्या रेणूंत कार्बनचे ४ व हायड्रोजनचे १० अणू असतात. प्रथम कार्बन मोजावा, मग हायड्रोजन. प्राणवायु शेवटीं, कारण डावीकडे तो एकटाच आहे. ४ कार्बनांपासून कार्बन डायॉक्साइडचे ४ रेणू, १० हायड्रोजनांपासून पाण्याचे ५. त्यांतील प्राणवायूचे अणू झाले १३, म्हणजे रेणू साडेसहा!

हा अर्धा रेणू पाहून पुष्कळ विद्यार्थी पाण्याच्या सूत्रांतच एक अणू वाढवितात, हें आम्ही वर्गांत वारंवार पाहतों. मग तें पाणी न राहतां हायड्रोजन पेरॉक्साइड होतें! सूत्रास हात न लावतां सर्व आंकडे दुप्पट करावे: ब्युटेन २, प्राणवायु १३, उजवीकडे कार्बन डायॉक्साइड ८, पाणी १०.

आतां बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर पेटला आहे, आणि १३ च्या जागीं ९ च रेणू मिळाले, असें समजा. समीकरण तेव्हांही जुळतें. परंतु उजवीकडे पाण्यासह कार्बन मोनॉक्साइडचे ८ रेणू येतात. ह्या विषारी वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास चिकटून तो प्राणवायूची जागा अडवितो. आमच्या घरीं खिडकी उघडल्यावांचून गीझर पेटत नाहीं.