आपली वेबसाईट गरजवंताला सापडते का?

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. परंतु माहिती असणे निराळे आणि ती गरजवंताच्या हाती वेळेवर पडणे निराळे. हा फरक आम्हांस गावातील एका विद्यार्थिनीमुळे उमगला.

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सर्व माहिती आमच्या मंडळाने वेबसाईटवर दिली होती. बारावी उत्तीर्ण झालेल्या या मुलीने मोबाईलवर शोध घेतला. तिला आमचे पान दिसलेच नाही. दिसली ती सरकारी वाटणारी एक खाजगी वेबसाईट. तेथे 'नोंदणी शुल्क' भरून ती निर्धास्त झाली. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ती पावती घेऊन आमच्या काउंटरवर आली, तेव्हा अर्ज कोठेच पोहोचला नसल्याचे कळले. त्याच रात्री खरा अर्ज भरला गेला. पैसे मात्र बुडाले. चूक तिची नव्हती. माहिती असून ती दिसू न देणारे आम्हीच चुकलो होतो.

विद्यार्थी मित्रांनो, शोधयंत्राचे काम कसे चालते ते प्रथम पाहू. गुगलसारखे शोधयंत्र एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात जगभरची पाने वाचते, त्यांतील शब्दांची प्रचंड सूची करते आणि कोणी विचारले की त्या सूचीतून पाने निवडून क्रमाने मांडते. क्रम लावण्याची एक महत्त्वाची रीत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधली. राजीव मोटवानी हे भारतीय प्राध्यापकही त्या कामात सहभागी होते.

ही रीत बँकेतल्या माणसाला चटकन समजते. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा नवे खाते उघडण्यास जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. ओळख देणारा जितका भरवशाचा, तितका नव्या माणसावर विश्वास. एका वेबसाईटने दुसरीचा दुवा देणे म्हणजे अशीच ओळख देणे होय. परंतु चहापाण्यावर कोणाच्याही अर्जावर सही करणाऱ्याची ओळख आम्ही मानत नसू. शोधयंत्रही विकतच्या दुव्यांना मानत नाही. २०१२ साली गुगलने अशा बनावट दुव्यांविरुद्ध मोठा बदल केला, तेव्हा अनेक वेबसाईट एकदम मागे पडल्या.

आता आमच्या चुका सांगतो, म्हणजे इतर मंडळांना त्या टाळता येतील.

१) अक्षरे : आमचा मजकूर छापखान्यातून जुन्या फाँटमध्ये आला होता. अशा फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात. मग 'शिष्यवृत्ती' हा शब्द शोधयंत्राला सापडणार कसा? काही पाने तर नुसती छायाचित्रे होती. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. सर्व मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करणे, हाच यावर खरा उपाय ठरला.

२) गावाचे नाव : नुसते 'घोडेगाव' लिहिले की पुणे जिल्ह्यातील, आंबेगाव तालुक्याचे घोडेगाव पुढे येते. म्हणून 'घोडेगाव, ता. नेवासा' असे पूर्ण लिहावे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी पुष्कळ लोक अजून अहमदनगर असेच शोधतात. दोन्ही नावे पानावर एकदा तरी असावीत.

३) मथळा : आमच्या पानाचा मथळा होता 'जाहीर निवेदन क्र. ३'. असे शब्द कोणता विद्यार्थी मोबाईलवर लिहील? तो लिहितो, 'स्कॉलरशिप फॉर्मला कोणती कागदपत्रे लागतात'. मथळा व पहिले वाक्य विचारणाऱ्याच्या भाषेत असावे, आणि एका प्रश्नाला एक पान द्यावे.

४) मोबाईल : आपली मुले माहिती पाहतात ती मोबाईलवर. पान जड असेल, उघडण्यास वेळ लागत असेल, तर वाचणारा परत फिरतो. पाहुण्यांच्या सत्काराचे मोठमोठे फोटो आम्ही त्या पानावरून काढून टाकले.

५) ताजेपणा : गेल्या वर्षीची अंतिम तारीख तशीच ठेवणे म्हणजे वाट चुकविणे. पान केव्हा सुधारले ती तारीख द्यावी.

या कामी आमची एक फसगतही झाली. 'महिनाभरात पहिल्या क्रमांकावर आणतो' असे सांगणाऱ्या एका इसमास आम्ही वर्गणीतले पैसे दिले. त्याने पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'शिष्यवृत्ती' हा शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला. वाचकाला न दिसणारा मजकूर केवळ यंत्रासाठी लिहिणे, ही शोधयंत्राच्या नियमांनुसार लबाडीच आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. 'प्रायोजित' असे लिहिलेली वरची पाने पैसे मोजून आलेली असतात. त्यावरून खरेपणा ठरत नाही.

सर्व दुरुस्त्या करून आम्ही गुगलच्या विनामूल्य 'सर्च कन्सोल'वर वेबसाईटची नोंद केली. लोक कोणते शब्द लिहून आपल्या पानावर येतात, हे तेथे कळते. परिसरातील महाविद्यालयांना व वाचनालयांना भेटून, माहिती उपयोगी वाटली तरच दुवा द्यावा, अशी विनंती केली. काही महिन्यांनी गावाच्या व तालुक्याच्या नावासह शिष्यवृत्ती शोधली असता आमचे पान दिसू लागले. राज्यभरच्या शोधात आम्ही आजही मागेच आहोत, परंतु आपल्या गावच्या मुलाला आपले पान सापडावे, एवढीच आमची अपेक्षा होती.

विद्यार्थ्यांना शेवटी एकच सांगणे. वर दिसते म्हणून ते खरे मानू नका. पत्ता तपासा, सरकारी वेबसाईटच्या पत्त्याअखेरीस बहुधा 'जीओव्ही डॉट आयएन' असते. कोणी पैसे मागितले तर भरण्यापूर्वी महाविद्यालयात विचारा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दर महिन्यास एकदा परक्या मोबाईलवर आपलीच माहिती शोधून पाहावी. ती सापडली नाही, तर ती आपण दिलीच नाही असे समजावे.