ओळख पटल्यानंतर : सूरह यूसुफमधील एक धडा

वेरूळची लेणी पाहावयास गेलेल्या सैनिकांची एक हकीकत मुहम्मद कासिम फरिश्ता या इतिहासकाराने विजापूरच्या दरबारी रचलेल्या फारसी ग्रंथात दिली आहे. सन १३०६ च्या सुमारास अलाउद्दीन खिलजीचा सरदार अलपखान याचे काही शिपाई लेण्यांकडे गेले असता देवगिरीच्या एका तुकडीशी त्यांची अवचित गाठ पडली. चकमकीत एका तरुणीच्या घोड्यास बाण लागला. शिपाई तिच्यावर धावून गेले, तेव्हा दासींनी तिचे नाव उघड केले : ही गुजरातच्या राजा कर्णाची कन्या देवलदेवी! त्या नावाने तिला अभय मिळाले. परंतु तिचे पुढील आयुष्य ठरविण्याचा अधिकारही त्याच क्षणी इतरांच्या हाती गेला. तिची रवानगी दिल्लीस झाली. ही हकीकत सुमारे ३०० वर्षांनंतर लिहिलेली असल्याने तिच्या तपशिलाचा आग्रह धरता येत नाही. तरीही एक प्रश्न ती आपल्यापुढे ठेवते : ओळख पटल्यानंतर ज्याच्या हाती बळ आहे, त्याने काय करावे?

अरबी कथांतून दुरावलेल्यांची ओळख पटण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्या सर्वांचा मुकुटमणी पवित्र कुरआनच्या १२ व्या सूरहमध्ये आहे. दुष्काळात धान्यासाठी भाऊ मिसरला आले. हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांनी त्यांना ओळखले; त्यांनी मात्र यूसुफना ओळखले नाही. ५८ व्या आयतीत या दोन क्रियांसाठी आलेले शब्द ‘अ-र-फ’ आणि ‘न-क-र’ या धातूंचे आहेत. ‘मारूफ’ आणि ‘मुनकर’ हे आपल्या परिचयाचे शब्द त्याच धातूंपासून बनले आहेत. जणू ओळखणे हे सत्कर्माचे सख्खे नातलग आहे!

एकेकाळी विहिरीत टाकलेल्या भावाच्या हाती आता धान्याची कोठारे होती. त्याच्यादेखतच भावांनी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. यूसुफनी तो शब्द मनातच गिळला. शेवटी त्यांनी स्वतः आपली ओळख दिली, आणि भावांनी अपराध कबूल करताच त्यांना दोषमुक्त करून त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमा मागितली.

याहून सूक्ष्म गोष्ट १०० व्या आयतीत आहे. आईवडिलांसमोर अल्लाहचे उपकार सांगताना यूसुफ तुरुंगातून झालेल्या सुटकेचा उल्लेख करतात, विहिरीचा करीत नाहीत. विहिरीचे नाव निघाले असते, तर समोर उभ्या असलेल्या भावांच्या माना खाली गेल्या असत्या. भावाभावांतील बेबनावाचा दोषही ते सैतानाकडे देतात. माफी दिल्यानंतर माफ केलेल्याची लाज राखावी, हा भाष्यकारांनी येथून घेतलेला बोध आहे.

मराठीत ‘ओळख न दाखवणे’ असा एक बोचरा वाक्प्रचार आहे. वारशाच्या वाटणीवरून, एखाद्या लग्नातील मानपानावरून सख्खे भाऊ एकाच सफमध्ये नमाज पढतात आणि मशिदीच्या पायऱ्यांवर एकमेकांना ओळख दाखवीत नाहीत. आपल्यापैकी ज्याचा हात आज वरचढ असेल, त्याने प्रथम सलाम करावा. आणि भाऊ घरी आला, तर त्या दिवशी विहिरीचा विषय काढू नये.