खाडीतली पहिली नोकरी

प्रश्न : यंदा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले. किनारी अधिवासांच्या पुनरुज्जीवनात काम करायचे आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पहिली नोकरी बहुधा ‘प्रकल्प सहायक’ म्हणून, कंत्राटी, प्रकल्प असेपर्यंतच असते; घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. राज्याचा कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

खरी परीक्षा मात्र चिखलात होते. कांदळाच्या शेंगा खोचणे कोणालाही जमते. पण ती जागा भरतीच्या पाण्याखाली किती वेळ राहते, बांधाने पाण्याची वाट अडली आहे का, हे न पाहता लावलेली रोपे मरतात, आणि असे फार होते. उलट अडलेले पाणी खेळते झाले की तिवर, चिपी पुष्कळदा आपणहून रुजतात. म्हणून जमिनीची पातळी आणि क्षारता मोजायला शिका. क्यूजीआयएस या संगणक प्रणालीवर नकाशे करायलाही. रत्नागिरीत आहात, तर अमावास्येच्या उधाणात, ओहोटीला, जवळच्या खाडीत एक पट्टा आखून नोंदी सुरू करा. कालवं काढणाऱ्या बायकांना सोबत घ्या. पाय कुठे रुततो, हे त्यांना अचूक माहीत असते. अर्जासोबत त्या नोंदी जोडा.