फडाचा बंधारा

नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम, गिरणा या नद्या आहेत. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत जुन्या लोकांनी नद्यांवर दगडी बंधारे बांधले. त्यांतले काही ३०० वर्षांपूर्वीचे आहेत असे मानतात.

बंधाऱ्याने पाणी अडते आणि पाटात शिरते. पाटाला बेताचा उतार असतो. म्हणून पाणी आपोआप शेतात जाते. मोट नको, बैल नको, इंजिन नको.

पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार भाग करतात. एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाटकरी पाळीने पाणी देतो. जागल्या पिकाची राखण करतो.

जास्तीचे पाणी सांडणीतून परत नदीला जाते. ते शेतात तुंबले तर जमीन चिबड होते. पीक पिवळे पडते.

पाटात दरसाल गाळ साचतो. तो सगळ्यांनी मिळून काढायचा, अशी रीत आहे. पुढे वर धरणे झाली. विहिरींवर पंप बसले. नदी लवकर आटू लागली. जो तो आपल्या विहिरीकडे बघू लागला. मग गाळ कोण काढणार? कित्येक पाट बुजले.

बुजलेला पाट पुन्हा चालू करता येतो. गाळ काढा. सांडणी मोकळी करा. भगदाडे बुजवा. पण त्याआधी सगळे एकत्र बसा. निखळलेला दगड गवंडी बसवील. निखळलेली माणसे आपणच जोडली पाहिजेत.

प्रश्न
१. सांडणी कशासाठी असते?
२. पाट का बुजले?
३. तुमच्या गावात असे कोणते जुने काम पडून आहे?