जुन्या पॉइंट टू-टू रायफलीतील फुटक्या पुंगळ्या : दोषाचा शोध

नेमबाजीच्या सरावात जुन्या पॉइंट टू-टू रायफलीतून कधी कधी नेहमीपेक्षा निराळा, फुटका आवाज येतो, नेमबाजाच्या गालाला गरम वायूचा झोत लागतो आणि बाहेर पडलेली पुंगळी तळाशी फाटलेली आढळते. गोळी लक्ष्यावर लागलेली असू शकते; त्यामुळे हा प्रकार किरकोळ समजून पुढील काडतूस भरण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. नेमबाजाचा डोळा बोल्टच्या अगदी जवळ असतो आणि फाटलेल्या कडेतून निसटणाऱ्या वायूबरोबर पितळेचे कणही उडतात. पहिली पुंगळी फुटताच रायफल बाजूला काढावी, ती रिकामी असल्याची खात्री करावी आणि नळीत गोळी अडकलेली नाही हे प्रथम पाहावे. फुटलेली पुंगळी फेकून देऊ नये. दोषाचा मुख्य साक्षीदार तीच होय.

या काडतुसात प्रस्फोटक मिश्रण पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेत भरलेले असते. पिनच्या आघाताने कडा चेपली गेली तरच ते पेटते. म्हणून कडा पातळ व मऊ ठेवणे भाग असते. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाचा भरीव तळ जो दाब सहज सोसतो, तो येथे चालत नाही. १८८७ साली अमेरिकेत निघालेल्या लाँग रायफल या प्रचलित काडतुसासाठी दाबाची मर्यादा दर चौरस इंचास २४,००० पौंड आहे. पुंगळीला सर्व बाजूंनी पोलादाचा आधार असेल तोवर हा दाब निभतो. जेथे आधार सुटतो तेथे पितळ फुगते, आणि फार फुगले की फाटते.

पुंगळी वाचण्याची एक सोपी रीत आहे. रायफलीची पिन दर वेळी चेंबरच्या एकाच बाजूस आघात करते. तेव्हा पिनची खूण हे घड्याळातील बारा समजावेत. त्याच रायफलीच्या दहा-बारा पुंगळ्या खूण वर ठेवून ओळीने मांडाव्या. न फुटलेल्या पुंगळ्यांवरही फुगवटा दिसतो. फुगवटे व फाटी एकाच दिशेला येत असतील तर दोष रायफलीत आहे. ती दिशा एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेची असल्यास खाच झिजून रुंद झाली असावी. खुद्द खुणेपाशीच फाट असेल तर पिनचे टोक फार तीक्ष्ण आहे काय आणि चेंबरची कड तेथे चेपलेली आहे काय, हे भिंगाने पाहावे. काडतुसावाचून घोडा पाडण्याची सवय ही कड हळूहळू नष्ट करते. शिकाऊ मुलांच्या हातांतून गेलेल्या रायफलींत हा दोष अपेक्षितच धरावा.

फाटी निरनिराळ्या दिशांना असतील तर काडतुसांचा संशय येतो. पण निर्णय घाईने देऊ नये. बोल्टचे मुख व चेंबरची कड यांतील अंतर वाढले असले तरी कडा जेथे दुबळी तेथेच फुटते, मग दिशा कोणतीही असो. हे अंतर आर्मोररने गेजने मोजावे. बोल्ट .०४३ इंचाच्या गेजवर बंद झाला पाहिजे, .०४६ इंचाच्या गेजवर होता कामा नये. अनेक साध्या रायफलींत बोल्टच्या मुठीचे मूळ हाच एकमेव अडसर असतो आणि तो झिजतो. दोन रायफली एकत्र साफ करताना बोल्टांची अदलाबदल झाली तरीही हे अंतर बिघडते. बोल्टवर क्रमांक घातलेला असेल तर तो आधी पडताळावा; पुष्कळदा रोग तेथेच सापडतो.

गेजची परीक्षा उतरल्यावर मग काडतुसांकडे वळावे. जुन्या साठ्यातील पितळ ठिसूळ झालेले असू शकते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्करी तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत. जनावरांच्या मुतारीतील अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडविलेल्या पितळेत उरलेला ताण यांचा तो संयुक्त परिणाम होता, हे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली उलगडून दाखविले. पितळ हलके तापवून ताण काढणे हा त्यावरील उपाय होय. काडतुसांच्या कोठारात अमोनियायुक्त सफाईद्रव्य वा खत ठेवू नये, ते याचसाठी. भेग दिसणारे एकही काडतूस असल्यास त्या क्रमांकाचा सर्व साठा वापरातून काढावा.

चेंबरची कड पूर्ववत करणे, बोल्ट बदलणे किंवा नळीत नवे अस्तर बसविणे ही कामे परवानाधारक कारागिराचीच आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व चाचणीच्या व्यवसायास परवाना लागतो. दुरुस्त रायफल प्रथम खांद्याला लावू नये. ती पक्क्या आधारात बसवून, आडोशामागून दोरीने घोडा ओढून नव्या साठ्यातील दहा काडतुसे एकेक करून उडवावी, आणि प्रत्येक पुंगळी पुढचे काडतूस भरण्यापूर्वी भिंगाखाली पाहावी.