पुण्याहून उक्षीच्या हत्तीकडे, मुलांसह

रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं पुष्कळ आहेत, पण मुलांच्या पहिल्या खेपेला एकच ठिकाण धरा: उक्षी. भोवतीच्या गोल कठड्यापाशी उभं राहिलं की इथला हत्ती अख्खा दिसतो.

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार-रविवार ठरवा. पावसाळ्यात शेवाळ्यावरून पाय सटकतो, मे महिन्यात कातळ तव्यासारखा तापतो.

२. रत्नागिरीत मुक्कामाची सोय आधीच करा. अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे, एका दिवसात जाऊन-येऊन मुलं पार कंटाळतील.

३. पिशवी भरा: पाणी, टोप्या, कोरी वही, पेन्सिली. खडू मात्र घरीच राहू द्या.

४. शनिवारी पहाटे कराड, शाहूवाडीमार्गे निघा. आंबा घाट लागण्याआधी पोटभर खायला घालू नका, आलेपाक हाताशी ठेवा.

५. मुक्कामी पोचलात की प्रत्येकाकडून वहीत मनानेच एक हत्ती काढून घ्या. चुका दुरुस्त करायला जाऊ नका, हे पान उद्या लागणार आहे.

६. रविवारी उजाडताच उक्षीकडे निघा. सकाळच्या तिरप्या उन्हात खोदलेल्या खाचेत सावली भरते आणि रेषा उठून दिसते. दुपारी तीच रेषा हरवते.

७. गावात कुणाला तरी वाट विचारा. सडा सगळीकडून सारखाच दिसतो, नुसत्या मोबाइलवर विसंबू नका.

८. मुलांना कठड्याबाहेर उभं करा. शिल्पावर पाय पडता कामा नये, अनवाणीसुद्धा.

९. "हत्ती शोधा" म्हणा आणि गप्प बसा. इथे घाई करू नका! कुणाला आधी सोंड सापडेल, कुणाला पाठीची लांब रेघ. बोट दाखवायचा मोह आवरा.

१०. आता कठड्याभोवती एक फेरी मारायला लावा. समोरून उभा दिसणारा हत्ती पलीकडून उलटा दिसतो, हे त्यांना स्वतःला कळू द्या.

११. कालच्या पानाशेजारी हा हत्ती काढायला सांगा. फोटोसाठी रेषांत खडू भरू नका, खरखरीत जांभ्यात तो रुतून बसतो.

१२. ऊन चढायच्या आत गाडीत बसा. जाता जाता कशेळीचं कातळशिल्पही उरकू असं वाटेल, पण थांबा. तिथला हत्ती 18 मीटरच्या आसपास आहे. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. जवळ उभ्या राहिलेल्या मुलाला नुसत्या रेघाच दिसतात. उक्षीला नजर तयार झाली की पुढच्या हिवाळ्यात तिकडे न्या.