पोरक्यांचे घर व तेथील गायनशाळा
(शास्त्रपाठ : याकोब १:२७, स्तोत्र २७:१०)

पोरक्या लेकरांच्या संबंधाने याकोब काय शिकवितो, हे आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. परंतु अशा लेकरास भाकर व वस्त्र दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास एका जुन्या अनाथगृहाचा इतिहास उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

इटली देशातील व्हेनिस शहरात सन १३४६ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या पिएत्रो नावाच्या साधूने टाकून दिलेल्या मुलांसाठी एक आश्रय स्थापिला. त्याचे नाव पिएता, म्हणजे दया. त्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात तान्हे मूल ठेवून माता निघून जाई. कित्येक जणी मुलाजवळ पदकाचा अगर चित्राचा अर्धा तुकडा ठेवीत व उरलेला अर्धा जपून ठेवीत. हेतू हा की, पुढे कधी दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून आपले लेकरू ओळखता यावे. ऐपत असूनही जे मूल टाकितील ते शापास पात्र होत, असा सन १५४८ चा शिलालेखही तेथील भिंतीवर आहे. दारिद्र्याने गांजलेल्यांवर दया, पण जबाबदारी झुगारणाऱ्यांस ताकीद, अशी ही दुहेरी शिकवण होती.

मुलांस हातचा धंदा शिकवून बाहेर पाठवीत. मुली मात्र तेथेच राहत. त्यांतील बहुतेक जणी शिवणकाम, जाळीचे विणकाम, आजाऱ्यांची शुश्रूषा इत्यादी कामे करीत. ज्यांचा गळा वा हात संगीतास योग्य दिसे, अशा थोड्यांस निवडून उपासनेतील गायनवादनाचे शिक्षण देत. सन १७०३ मध्ये आंतोनियो विवाल्दी नावाचा, त्याच वर्षी दीक्षा झालेला एक पाद्री तेथे व्हायोलिन शिकविण्यास नेमला गेला. मधून मधून खंड पडला, तरी सन १७४० पर्यंत त्याचा ह्या घराशी संबंध राहिला. सन १७१६ मध्ये त्याने यहूदीथेच्या कथेवर रचिलेल्या संगीतात सेनापतीच्या भूमिकेसह सर्व भूमिका ह्या मुलींनीच गाइल्या. दूरदूरच्या देशांतून लोक त्यांस ऐकावयास येत, आणि त्यांच्या देणग्यांनी घराचा खर्च भागण्यास साहाय्य होई.

कोनाड्यातून आलेल्या मुलीस आडनाव कोठले? म्हणून तिच्या नावापुढे तिच्या वाद्याचे नाव जोडीत. आन्ना मारिया नावाची अशीच एक मुलगी ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’ म्हणून प्रसिद्ध झाली. विवाल्दीने तिच्यासाठी अनेक रचना केल्या. पुढे तीच लहान मुलींची शिक्षिका झाली, आणि सन १७८२ मध्ये ह्याच घरी वारली. जिला कोणी नाव दिले नव्हते, तिला तिच्या विद्येने नाव दिले. जी घेणारी होती, ती देणारी झाली. खरी दया हीच होय.

तथापि ह्या दयेतही उणेपणा होता, तो झाकणे योग्य नव्हे. मुली जाळीच्या आड उभ्या राहून गात. लोकांस त्यांचा स्वर ऐकू येई, पण मुख दिसत नसे. आणि विवाह करून जाणारीस, मी पुन्हा लोकांसमोर गाणार नाही, असे वचन द्यावे लागे. म्हणजे तिचे दान तिचे नव्हे, घराचे समजले गेले.

सन १७९७ मध्ये व्हेनिसचे स्वतंत्र राज्य बुडाले, आणि गायनशाळेचे वैभवही ओसरले. परंतु लेकरांच्या सेवेचे कार्य आजही त्या शहरात चालू आहे. कीर्ती गेली, सेवा राहिली.

बंधुभगिनींनो, आपल्या गावी कोणी पोरके मूल आप्तांच्या घरी वाढते, त्यास भाकर मिळते. पण घरची मुले शाळेत जातात तेव्हा ते गुरांमागे जाते काय? नाताळच्या दिवशी पाहुण्यांपुढे आपण त्यास गावयास उभे करितो. मग वर्षभर त्याची विचारपूस कोण करितो? देवाने ज्यास जवळ घेतले आहे, त्यास आपण जाळीआड ठेवू नये.

विचारार्थ प्रश्न : १. आपल्या मंडळीत पोरकी मुले किती, व त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय? २. त्यांपैकी प्रत्येकास कोणती विद्या वा कोणता धंदा शिकविता येईल? ३. ती मिळविलेली विद्या त्याची स्वतःची राहील, अशी व्यवस्था आपण कशी करू?